कोटेशनमध्ये नसलेली बाग

घराला बाहेरून रंग द्यायचा ठरला की ठेकेदार जे कोटेशन देतो, त्यात भिंतीची इत्थंभूत नोंद असते. पोकळ वाजणारा गिलावा फोडून नवा करणे, तडे कापून भरणे, प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन हात, ग्रिलला ऑइल पेंट, गच्चीचे वॉटरप्रूफिंग, परांचीसह दर चौरस फुटाचा भाव आणि शेवटी जीएसटी. भिंतीच्या पायथ्याशी काय आहे, याबद्दल मात्र त्यात एक ओळही नसते. आमच्याही कोटेशनमध्ये ती नव्हती, आणि यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या बागेचे जे काही झाले, त्याचे मूळ मला कोणा रंगाऱ्याच्या निष्काळजीपणापेक्षा त्या न लिहिलेल्या ओळीतच अधिक दिसते.

पुण्यातील जुन्या बंगल्यांची भिंत आणि कंपाउंड यांच्यामध्ये सहा-सात फुटांचा जो पट्टा उरतो, तीच बहुतेकांची बाग असते. आमच्या पट्ट्यात पूर्वेला अनंत आणि कुंद, कोपऱ्यात कलमी सोनचाफा, पोर्चवर चढवलेली मधुमालती, जिन्याच्या कठड्यावर सायली, तिच्याखाली लिलीचा वाफा आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पुदिना, गवती चहा आणि आंबट चुका, अशी मांडणी आहे. गच्चीची गळती मृगाच्या आत थांबवायची होती, म्हणून काम एप्रिल-मे महिन्यांत काढावे लागले. वॉटरप्रूफिंगला हा काळ सोयीचा असला, तरी झाडांसाठी यापेक्षा वाईट काळ शोधून सापडणार नाही. पाने गमावलेल्या झाडाला अशा उन्हात कोवळी पालवी टिकवता येत नाही, आणि ज्याची मुळे दुखावली आहेत त्याला नेमक्या गरजेच्या वेळी पाणी ओढता येत नाही.

परांचीचे बांबू ठरल्यापेक्षा एक दिवस आधी, सकाळीच आले. मधुमालती पोर्चवरून उतरवावी लागणार हे उघड होते, कारण वेल भिंतीवर ठेवून भिंतीला रंग देता येत नाही, आणि त्या कामासाठी माळ्याला दुसऱ्या दिवशी बोलावलेही होते. पण तोवर दोघांनी मिळून ती वरून खाली ओढून काढली होती. जुना, मनगटाएवढा खोडाचा भाग बुंध्याशी पिळवटून चिरला होता आणि फुलांनी लगडलेल्या फांद्या फाटकापाशी ढिगाने पडल्या होत्या. लिलीच्या वाफ्यात दोन बांबूंसाठी खड्डे खणले गेले होते. सोनचाफ्याचा शेंडा, परांचीचा आडवा बांबू बांधताना आड येतो म्हणून, कोणीतरी हाताने मोडला होता. "काकू, काळजी करू नका, वेलच आहे ती, पावसाळ्यात परत फुटंल," असे मुकादम म्हणाला, आणि मधुमालतीपुरते ते खरेही होते. पाऊस सुरू होताच तिने बुंध्यापासून इतके धुमारे काढले की आता त्यांतले कोणते ठेवायचे हाच प्रश्न आहे.

मोडतोड डोळ्यांना दिसते, त्यामुळे सगळा राग तिच्यावर निघतो. प्रत्यक्षात मोडलेली फांदी हे नुकसानीतले सर्वांत सोपे प्रकरण असते. फाटून लोंबणारी साल धारदार चाकूने कडेने साफ करावी, मोडलेले टोक कानसासारखे खडबडीत न ठेवता करवतीने खालच्या डोळ्याच्या वर तिरपे कापावे, आणि पाऊस तोंडावर असेल तर कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावावी. मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि कळीचा चुना प्रत्येकी शंभर ग्रॅम वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून, एकत्र करून एक लिटरभर पेस्ट होते, आणि भांडी मात्र लोखंडाची नसावीत, प्लॅस्टिकची किंवा मातीची असावीत. कलमी झाडाच्या बाबतीत एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. मोड कलमाच्या सांध्याच्या वर असेल तर झाड आपलेच राहते, परंतु सांध्याखाली असेल तर नंतर फुटणारी जोमदार पालवी ही खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याची, असते, आणि ती कितीही हिरवीगार दिसली तरी ती वाढवण्यात अर्थ नसतो. आमच्या सोनचाफ्याचा सांधा सुदैवाने शाबूत आहे. मोडलेल्या झाडाला सहानुभूतीपोटी लगेच खत घालण्याची अनेकांना सवय असते, तीही टाळावी. उन्हाळ्यात जखमी झाडाला सावली आणि बेताचे पाणी यांहून जास्त काही पचत नाही.

खरे नुकसान मातीत झाले, आणि ते कळायला काही आठवडे जावे लागले.

गिलावा फोडताना त्याचा राडारोडा सरळ खाली पडतो. मोठे तुकडे गोण्यांत भरून नेले जातात, परंतु भुगा आणि धूळ वाफ्यातच राहते. त्यानंतर नवा गिलावा होतो, त्यासाठी माल कालवला जातो, आणि तो कालवण्याची जागा पाण्याच्या नळाजवळची, सावलीची, म्हणजे हटकून बागेतलीच असते. शेवटी गिलाव्यावर सात-आठ दिवस पाणी मारले जाते, आणि भिंतीवरून ओघळणारे ते पाणी वाटेत चुना विरघळवत झाडांच्या बुंध्याशी येऊन मुरते. सिमेंट पाण्यात मिसळले की त्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुनाच, सुटतो. ताज्या सिमेंटच्या पाण्याचा सामू (पीएच; ७ च्या खाली आम्ल, वर विम्ल म्हणजे अल्कधर्मी) १२ च्याही वर असतो. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो आणि हे मोजमाप असे आहे की त्यातील प्रत्येक अंकाचा फरक दहापटीचा धरावा लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या निरुपद्रवी दिसणाऱ्या पांढुरक्या ओघळांची ताकद कळते. पुण्याकडच्या काळ्या मातीत मुळातच चुनखडी असते आणि तिचा सामू बहुतेक ठिकाणी ८ च्या आसपास असतो. म्हणजे आम्ल माती आवडणाऱ्या झाडांना आपण आधीच तडजोडीवर ठेवलेले असते, आणि त्यावर हा चुना येऊन पडतो.

अनंताला आम्ल माती लागते, म्हणून बागेत पहिली तक्रार त्याने केली. शेंड्याकडची नवी पाने पिवळी निघू लागली, आणि पिवळी म्हणजे वाळकी पिवळी नव्हे. पान उन्हाकडे धरले तर शिरांचे जाळे गडद हिरवे आणि मधला सारा भाग फिकट लिंबासारखा दिसत होता. जुनी पाने खाली तशीच तुकतुकीत हिरवी होती. माळ्याचे मत पडले की उष्णतेमुळे होते आहे, पाणी वाढवा. शेजारच्या काकांनी युरिया सुचवला. गच्चीच्या कामावर बिगारी म्हणून आलेला सांगलीकडचा एक मुलगा पाणी प्यायला नळापाशी आला होता, त्याने पानाला हातही न लावता सांगितले, "काकू, ह्याला केवडा पडलाय. आमच्याकडं चुनखडीच्या रानात उसाला पडतो, तसा. हिराकस मारा."

त्याचे निदान अचूक होते. केवडा म्हणजे लोहाच्या कमतरतेने नवी पाने पिवळी पडणे. माती विम्ल झाली की तिच्यात लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. लोह झाडाच्या आत जुन्या पानांतून नव्या पानांकडे हलवता येत नाही, त्यामुळे कमतरता नेहमी शेंड्याला दिसते. नत्र कमी पडले तर याच्या उलट, खालची जुनी पाने आधी पिवळी होतात. एवढा एक भेद ठाऊक असला तरी युरियाची पिशवी घरात येत नाही. जादा पाण्याने तर केवडा वाढतोच, कारण चिंब मातीत मुळांना हवा मिळत नाही. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. ते लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम घेऊन, त्यात थोडा लिंबाचा रस पिळून, संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारले आणि आठ-दहा दिवसांनी तो फवारा पुन्हा दिला, की नवी पाने हिरवी निघू लागतात. पण हा उपाय पानापुरता आहे. तेच हिराकस चुन्याच्या मातीत नुसते टाकले तर थोड्याच दिवसांत निरुपयोगी होते, म्हणून ते शेणखतात मिसळून, मुरवून मगच द्यावे. फरशीवर त्याचे थेंब पडले तर गंजाचे डाग कायमचे राहतात, हेही जाता जाता सांगून ठेवते, कारण नुकताच रंग दिलेल्या भिंतीशेजारी फवारताना ते महत्त्वाचे ठरते.

गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) करून त्यावर चायना मोझॅक, म्हणजे फरशीचे फुटके तुकडे, बसवले गेले. मोझॅकच्या तुकड्यांवर उरलेली पांढऱ्या सिमेंटची पुटे काढण्यासाठी शेवटी ॲसिडने धुण्याची पद्धत आहे. हे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल असते, आणि ते धुतलेले पाणी गच्चीच्या पावसाळी पाइपातून उतरून जिथे पाइप संपतो तिथे पडते. आमचा पाइप कुंदाच्या बुंध्याशी संपतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुंदाच्या खालच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळल्या होत्या. शेजारच्या काकांनी, जे निवृत्त इंजिनिअर आहेत आणि ज्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीवर सिद्धान्त असतो, असे समाधान केले की चुना आणि आम्ल परस्परांना मारून टाकतील आणि माती आपोआप बरी होईल. ते परस्परांना मारतात हे खरे, परंतु त्यातून कॅल्शियम क्लोराइड हा क्षार तयार होतो, आणि वाफ्यात साचलेला क्षार मुळांना पाणी घेऊ देत नाही. एक विष दुसऱ्याने उतरवण्याचा हा प्रयोग बागेत करू नये. असे काही झाल्याचे लगेच कळले तर वाफ्यात भरपूर साधे पाणी सोडून ते खोलवर निचरू द्यावे, आणि पुढच्या वेळी पाइपाच्या तोंडाला रबरी नळी जोडून ते पाणी थेट ड्रेनेजच्या चेंबरमध्ये न्यावे, एवढे साधे काम आहे.

पानांवर रंगाचे शिंतोडे उडतात, ते तुलनेने क्षुल्लक असतात. भिंतीचा इमल्शन रंग ओला असेपर्यंत पाण्याने निघतो. वाळला की निघत नाही आणि तो खरवडण्याच्या नादात पानच फाटते, म्हणून तसेच सोडावे, पान यथावकाश गळून पडते. थिनरने पाने पुसणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्या पानांचे काय होते ते सांगायला नको. ग्रिलचा ऑइल पेंट दिल्यावर ब्रश ज्या थिनरमध्ये धुतात, ते डबडे रिकामे कुठे केले जाते, याकडे मात्र जरूर लक्ष ठेवावे, कारण रंगाऱ्याच्या दृष्टीने माती म्हणजे काहीही जिरवणारी जागा असते.

ग्रिलचा विषय निघाला म्हणून एक गंभीर बाब सांगितली पाहिजे. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत असले पाहिजे असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या छटांत, शिसे यापेक्षा कितीतरी अधिक असू शकते. जुन्या बंगल्याच्या ग्रिलवर असे अनेक थर एकावर एक बसलेले असतात आणि नवा हात देण्यापूर्वी ते पॉलिशपेपरने घासले जातात. तो भुगा खिडकीखाली पडतो, आणि आमच्या खिडकीखाली पुदिना आणि आंबट चुका होता. शिसे मातीतून आपोआप नाहीसे होत नाही, आणि पालेभाजीला चिकटलेली धूळ पूर्ण धुतली जाईलच असे नसते. त्या वाफ्यातील सगळे झाड मी उपटून टाकले, वरची माती पोत्यात भरून राडारोड्याबरोबर पाठवली, आणि आता तिथे फक्त फुलझाडे लावायची असे ठरवले आहे. ग्रिल घासताना खाली ओली चादर अंथरली असती तर हे करावे लागले नसते, असे मी मुकादमाला म्हटले, तेव्हा त्याने विचारले, "मग त्या धुळीत आमची पोरं दिवसभर काम करतात, त्याचं काय?" या प्रश्नाला उत्तर मास्कचे होते आणि ते त्याच दिवशी आणले गेले, परंतु झाडांची कैफियत मांडताना हा मुद्दा मला आधी सुचला नव्हता, तो त्याने सुचवला.

झाडे झाकण्याबाबत रंगारी मंडळींचा विश्वास ताडपत्रीवर असतो. काही वाफ्यांवर त्यांनी ती आपणहून अंथरली, आणि हेतू चांगलाच होता. पण मे महिन्यातल्या उन्हात ताडपत्रीखाली झाड अक्षरशः शिजते, शिवाय तिच्या वजनाने कोवळ्या फांद्या मोडतात. जुनी सुती साडी किंवा हिरवी शेडनेट, काठ्यांच्या तिवईवर पानांना न टेकेल अशी, काम चालू असेपर्यंतच टाकावी आणि संध्याकाळी काढून पानांवरची धूळ पाण्याने झटकावी. कुंड्या हलवता येतात, म्हणून त्या हलवाव्यात. मात्र सावलीतली कुंडी उन्हाच्या गच्चीवर नेऊन ठेवणे हे हलवणे नव्हे.

परांची उतरल्यावर जमीन किती घट्ट झाली होती, हे लिलीच्या वाफ्यात खुरपे मारल्यावर कळले. ओल्या काळ्या मातीवरून माणसे, घमेली आणि पाण्याचे पिंप यांची सतत ये-जा झाली की तिच्यातील हवेच्या पोकळ्या दाबल्या जातात आणि वाळल्यावर ती विटेसारखी बसते. बहुतेक झुडपांची अन्न घेणारी मुळे वरच्या फूट-दीड फुटातच असतात. वाटेवर प्लायवूडचे जुने तुकडे किंवा फळ्या टाकल्या तर वजन पसरते आणि हे टळते. बसलेली माती एकदम खोल खणू नये, मुळे तुटतात; काटेपहारीने जागोजागी भोके पाडून त्यांत वाळलेले शेणखत भरावे, बाकीचे काम पाऊस आणि गांडुळे करतात.

शेजाऱ्यांच्या आंब्याची एक फांदी आमच्या गच्चीच्या कठड्याला टेकते, ती तोडून टाकू असे ठेकेदाराने सहज सुचवले होते. महाराष्ट्रातील शहरांना १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे, आणि त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणेही येते. महापालिकेच्या परवानगीशिवाय स्वतःच्या आवारातील झाडही तोडता येत नाही, मग शेजाऱ्यांच्या झाडाची गोष्टच सोडा. फांदी दोरीने बाजूला ओढून बांधली आणि तेवढ्या भागाचे काम एका दिवसात उरकले. सोसायट्यांमध्ये हा प्रश्न अधिक अवघड होतो. तिथे कमिटी कुंड्या आत घेण्याची सूचना लावते, त्यामुळे गॅलरीतले ब्रह्मकमळ वाचते, परंतु इमारतीभोवतीचा जमिनीवरचा वाफा कोणाच्याच मालकीचा नसल्यामुळे त्याच्या वतीने बोलायला कोणी खाली उतरत नाही.

रंगाऱ्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते मला पटत नाही. ठेकेदाराला पैसे चौरस फुटावर मिळतात आणि मजुराला रोजावर. अनंताला वळसा घालून परांची बांधण्यात जो अर्धा तास जातो, त्याची किंमत कोटेशनमध्ये कोणीच धरलेली नसते. ती मजुराने पदरची द्यावी अशी आपली अपेक्षा असते. नुकसानभरपाईचा विषय काढला तेव्हा ठेकेदाराने नर्सरीतून नवी रोपे आणून देण्याची तयारी लगेच दाखवली. त्याच्या हिशेबात अनंत म्हणजे शंभर-दीडशे रुपयांचे रोप होते, आणि बाजारभावाने तो चूकही नव्हता. वाढलेल्या झाडाची वर्षे नर्सरीत विकत मिळत नाहीत, हे त्याला समजावण्यात हशील नव्हते. मी रोपे नाकारली आणि मातीचे काम मागितले. शेवटचे बिल देण्यापूर्वी त्याने भिंतीलगतची वरची चार-पाच इंच पांढरी पडलेली माती काढून नेली, तिच्या जागी लाल माती आणि शेणखत आणून टाकले, आणि दिवसभरासाठी एक माणूस दिला. आलेला माणूस तोच सांगलीकडचा मुलगा होता, हा योगायोग नसावा. त्याने अनंताभोवतीची माती खुरप्याऐवजी हातांनी काढली.

कंपाउंडच्या भिंतीचे काम आता हिवाळ्यात काढायचे आहे. त्याच्या कोटेशनमध्ये बागेच्या बाबी लिहून घेतल्या आहेत: माल पत्र्यावर आणि फाटकाबाहेर कालवायचा, ब्रश आणि घमेली पिंपात धुवायची, वेली माळी उतरवेल आणि त्याला आठ दिवस आधी कळवायचे, बांबू कुठे रोवायचे ते आधी खडूने आखून द्यायचे. ठेकेदाराने त्यासाठी चौरस फुटामागे दोन रुपये वाढवून मागितले आहेत, आणि ती मागणी मी घासाघीस न करता मान्य केली आहे. अनंताला यंदा कळ्या धरल्या नाहीत; पाने मात्र हिरवी निघत आहेत आणि हिराकसचा आणखी एक फवारा बाकी आहे.